दोन साडू आणि वाळूद्या पेंटर

भिंत ओली आहे हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त धाकट्या जावयांना, कारण ते मुद्दाम भिंतीकडे बघत नव्हते.

थोरल्या जावयांनी हॉलची एक अख्खी भिंत नारंगी करून घेतली होती, आणि रंगाचा दुसरा हात लागून पुरता तास झाला नाही तोच सगळ्या नातेवाइकांना बघायला बोलावलं होतं. नारंगी म्हणजे पिवळ्याच्या आडून भीत भीत डोकावणारा नारंगी नव्हे. नुकत्याच सोललेल्या संत्र्यासारखा, राजरोस नारंगी. माणसं दारातून आत येत, आधी 'अरे बापरे' म्हणत, मग दोन पावलं मागे सरत आणि मग 'सुरेख' म्हणत. धाकट्यांनी हे तीनदा ऐकून घेतलं. चौथ्यांदा 'सुरेख' म्हणाली ती त्यांची स्वतःची बायको. तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. "रंगच तर आहे," असं म्हणून, आपल्याला या प्रकाराचं काडीचंही अप्रूप नाही हे सर्वांना नीट दिसावं म्हणून, त्यांनी हाताची घडी घातली, एका पायावर दुसरा पाय टाकला आणि पाठ भिंतीला टेकवली.

"हलू नका," कोपऱ्यातल्या घोड्यावरून, म्हणजे त्या उंच लाकडी तिवईवरून, पेंटरचा आवाज आला. तो सावकाश खाली उतरला, धाकट्यांच्या दोन्ही दंडांना धरलं आणि पाकिटावरचं तिकीट फाटू न देता सोडवावं तसं त्यांना सरळ पुढे ओढून घेतलं. भिंतीवर धाकट्यांची पाठ उमटली होती. दोन खांदे, मधली पन्हळ, एवढंच काय, शर्टाच्या इस्त्रीची घडीसुद्धा. पेंटर मान तिरकी करून त्या आकृतीकडे बघत राहिला. "वाळू द्या," तो म्हणाला. "मग काढू."

आणि तेवढ्यात खुर्चीतून आई हसल्या. आई म्हणजे दोघांच्या सासूबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस हातभर जवळ आल्याशिवाय तो कोण हे त्यांना कळत नसे. पण ती पाठ त्यांना बसल्या जागेवरून दिसली. "अहो जावईबापू," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "किती दिवसांनी दिसलात मला."

सगळे हसले. थोरले तर इतक्या मोठ्या मनाने हसले की धाकट्यांना शर्टापेक्षा ते हसूच जास्त चिकटलं.

इथे थोडं घरातलं सांगायला हवं. साडू हे नातं मोठं अवघड. भावाशी भांडता येतं, मेहुण्याची थट्टा करता येते. साडूशी मात्र जन्मभर हसून बोलावं लागतं, आणि ते हसू पोटात साचत जातं. थोरल्यांकडे फ्रीज आला तेव्हा धाकट्यांनी त्याहून चार बोटं उंच फ्रीज आणला, आणि ती चार बोटं टेप लावून पक्की करून घेतली. मोजणं हा त्यांचा पेशाच होता. वजनमापे खात्यात ते निरीक्षक. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा, खोटं माप दिसलं की दुकानदाराला घाम फोडायचा. जगात जे आहे ते मोजता येतं, आणि मोजता येत नाही ते बहुधा नसतंच, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

पण फ्रीज, पंखा, मुलांचे मार्क या सगळ्यांत कधी उन्नीस कधी बीस झालं, तरी एका बाबतीत धाकटे निर्धास्त होते. आई त्यांच्याकडे राहत. सासरे गेल्यावर दोन्ही मुलींनी बोलावलं, आणि आईंनी आपण होऊन धाकटीचं घर निवडलं. त्याला सहा वर्षं झाली. संध्याकाळी धाकटे ऑफिसातून आले की आधी चहा, मग पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा, त्यातही निधनाच्या बातम्या पहिल्या, आणि मग पत्ते. आई पत्त्यांत सरळसरळ लबाडी करत. दिसेनासं झाल्यापासून तर 'मला बदाम वाटला हो' या एका वाक्यावर वाटेल ते पान टाकत. दिवसभर लोकांची खोटी वजनं पकडणारा हा माणूस संध्याकाळी ही लबाडी उघड्या डोळ्यांनी चालू देई. बदल्यात, बायकोशी काही वाजलं की आई जावयाची बाजू घेत. असा वकील कोणाला मिळतो?

भिंतीवर पाठ उमटली त्याच्या दुसऱ्या दिवशी हा वकील चहा पिताना म्हणाला, "मी म्हणते, थोरलीकडे राहून येते आठ दिवस."

धाकट्यांनी कप खाली ठेवला. इथे काही कमी पडतंय का, कोणी काही बोललं का, असं सगळं विचारून झालं. आई म्हणाल्या की तसं काही नाही. डोळ्यांचं ऑपरेशन साखर उतरेपर्यंत डॉक्टरांनी पुढे ढकललंय, तोवर नुसतं बसायचं ते तिकडे बसेन.

"पण तिकडेच का?"

"तिकडे मला भिंत दिसते," आई म्हणाल्या.

त्या गेल्या. आठ दिवसांचे तीन आठवडे झाले. फोन केला की थोरले उचलत आणि म्हणत, "आई इथे अगदी रमल्यात." हा 'रमल्यात' धाकट्यांना असा काही बोचला की त्या दिवशी त्यांनी तीन दुकानांचे काटे नापास केले. त्याहून वाईट म्हणजे एका संध्याकाळी सवयीने त्यांनी टेबलाचा खण उघडला, आणि तो रिकामा होता. आई पत्त्यांचा कॅट घेऊन गेल्या होत्या. आठ दिवसांसाठी जाणारं माणूस कॅट नेत नाही. रात्रंदिवस डोळ्यांसमोर एकच चित्र येऊ लागलं: नारंगी भिंत, तिच्यासमोर आई, आणि 'मला बदाम वाटला हो' हे वाक्य ऐकून घेणारे थोरले.

बरं, थोरल्यांना त्या वाक्याची किंमत तरी कळेल का? ते नियमाप्रमाणे खेळणारे.

आता भिंतीमुळे आई गेल्या असतील तर भिंतीमुळेच परत येतील, हे गणित कोणालाही सुटण्यासारखं होतं. त्या रविवारी धाकटे आईंना भेटायला गेले. थोरले पाणी आणायला आत वळले, आई खुर्चीत पेंगत होत्या. धाकट्यांनी किल्ल्यांच्या जुडग्यातला छोटा चाकू उघडला, कपाटामागे हात घातला आणि भिंतीचा नखाएवढा पोपडा काढून रुमालात बांधला. उभ्या आयुष्यातली ही त्यांची पहिली चोरी. पाणी पिताना त्यांना ठसका लागला.

रंगाच्या दुकानात हल्ली यंत्र असतं. तुकडा दाखवला की त्यात कुठला रंग किती थेंब आहे हे ते सांगतं, थेंबाच्या शंभराव्या भागापर्यंत. धाकट्यांना हे यंत्र मनापासून आवडलं. रंग तंतोतंत तोच बनला, दुकानाची माणसं आली, आणि धाकट्यांच्या हॉलची भिंत एका दिवसात नारंगी झाली.

वाळल्यावर धाकटे तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांचं तोंडच पडलं. भिंत नारंगी नव्हतीच. मळकट, तपकिरी, पावसात भिजून वाळलेल्या विटांच्या ढिगासारखी काहीतरी होती. त्यांनी रुमालातला तुकडा काढून भिंतीला लावून बघितला. तुकडा भिंतीत असा मिसळला की परत शोधायला चष्मा लागला. माप चोख होतं! तीच गोष्ट त्यांना सर्वांत जास्त झोंबली. बायको बाहेरून आली, चप्पल काढता काढता थबकली आणि भर दुपारी दोन वाजता म्हणाली, "दिवा लावू का?"

शेवटी व्हायचं तेच झालं. नाक मुठीत धरून धाकटे थोरल्यांच्या पेंटरचं घर शोधत गेले.

या पेंटरचं खरं नाव त्याच्या बायकोशिवाय कोणाच्या लक्षात राहिलेलं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणालं, जरा गडद झाला का हो? तर हा म्हणायचा, वाळू द्या. इथे डाग राहिलाय का? वाळू द्या. शेजारणीने एकदा सांगितलं, सुनेने माझ्याशी अबोला धरलाय; तिलाही हेच उत्तर. म्हणून सगळे त्याला वाळूद्याच म्हणत. किडकिडीत, उंच, आणि कामावर जाताना पांढरेशुभ्र कपडे घालणारा. संध्याकाळी तेच कपडे तितकेच पांढरे घेऊन घरी येणं हा त्याचा एकुलता एक गर्व. ओल्या भिंतीवर तो कधी पाटी लावत नसे. जो भिंतीकडे बघतो त्याला ती ओली आहे हे दिसतं, आणि जो बघत नाही त्याच्यासाठी रंगवायची कशाला, असं त्याचं म्हणणं.

त्याच्या घराच्या भिंती बघून धाकटे दारातच थांबले. घराला रंग असा नव्हताच. नुसतं प्लॅस्टर, आणि त्यावर तळहाताएवढे ठिगळासारखे चौकोन, नारंगीचे. धाकट्यांनी सवयीने मोजले. सदतीस. एकासारखा दुसरा नाही.

"आमच्या घराला अजून पहिला हात लागायचाय," पेंटरची बायको चहा ठेवत म्हणाली. "सव्वीस वर्षं झाली. लोकांची घरं वाळतायत तोवर आमची पाळी यायची नाही."

चहा पिता पिता धाकट्यांना त्याची कहाणी कळली. तरुणपणी अकरा वर्षं तो रस्तेदुरुस्तीच्या खात्यात होता. कुठे खड्डा खणला की भोवती जे लाकडी अडथळे उभे करतात, ते नारंगी रंगवायचं काम. माणसाने लांबूनच बघावं आणि जवळ येऊ नये म्हणून तो रंग. अकरा वर्षं त्याने या रंगाने लोकांना हाकलून लावलं. एकदा उरलेल्या रंगाने त्याने दाराजवळचं एक मोडकं स्टूल रंगवलं. तर काय गंमत, घरी येणारा प्रत्येक माणूस चांगल्या खुर्च्या सोडून त्या स्टुलावर जाऊन बसायला लागला. एक पाय आखूड होता त्याचा, तरी बसायचे. तेव्हा त्याला कळलं की हा रंग बोलावतोसुद्धा, फक्त कुठे लावायचा ते कळायला हवं. त्याने नोकरी सोडली. बायको तेव्हापासून त्या स्टुलाच्या नावाने बोटं मोडत होती, आणि या घटकेला त्याच स्टुलावर बसून ती हे सांगत होती.

धाकट्यांनी आपल्या भिंतीची तक्रार मांडली. तोच रंग आहे, त्यात थेंबाचाही फरक नाही, मग असं का, हे त्यांनी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"कपाटामागचा पोपडा तुम्हीच नेलात ना?" वाळूद्या म्हणाला.

धाकट्यांचे कान असे काही तापले की त्या खोलीत अडतिसाव्या नारंगीची भर पडली.

वाळूद्याची कामाची रीत अशी, की रंग लावण्याआधी तो त्या घरात दिवसभर नुसता बसे. सकाळचा उजेड कुठे पडतो, दुपारचा कुठे, संध्याकाळी दिवा लागल्यावर काय होतं, घरातली माणसं कुठून कुठे जातात, हे बघत. धाकट्यांनी त्यासाठी ऑफिसातून रजा टाकली आणि समोर खुर्ची घेऊन तेही बसले. तासाभराने त्यांच्या मनात किडा वळवळला.

"साडूंकडे तुम्ही दोन दिवस बसला होतात म्हणे."

"तिकडे खिडक्या दोन आहेत," वाळूद्या म्हणाला.

दुपारी त्याने धाकट्यांना खिडकीशी नेऊन दाखवलं. समोरच्या घराने गच्चीवर हिरवं ताडपत्रीचं छत घातलं होतं, आणि या हॉलमध्ये येणारा उजेड सगळा त्या छतावर आपटून येत होता. हिरव्या उजेडात नारंगी मरतो, असं त्याने सांगितलं. रंग डब्यात जन्मत नाही, खोलीत जन्मतो. धाकटे नऊ वर्षं त्या घरात राहत होते; उजेड हिरवा आहे हे त्यांना आज कळत होतं.

मग वाळूद्याने विचारलं की आजी कुठे बसतात, त्यांची खोली कुठली, संडासला कुठून जातात. पिशवीतून त्याने पातळ, दुधी कागदाचे दोन तुकडे काढले आणि धाकट्यांच्या चष्म्याला आतून चिकटवले. "आता इथून उठा आणि त्यांच्या खोलीत जाऊन या."

यात काय अवघड, म्हणून धाकटे उठले. हॉल म्हणजे राखाडी धुकं झालं होतं. चार पावलांवर कपाटाचा कोपरा गुडघ्याला लागला. बोळात शिरले तर दोन्ही बाजू सारख्याच फिकट, दारंही फिकट, भिंतही फिकट. दार कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते काही कळेना. नकळत त्यांचा डावा हात भिंतीला गेला आणि ते चाचपत पुढे सरकू लागले. हाताला दाराची कडी लागली. दार उघडलं तर ते अडगळीच्या सामानाचं कपाट निघालं.

त्यांनी चष्मा काढला आणि आपल्या हाताकडे बघितलं. हात भिंतीवर जिथे होता, तिथे कमरेच्या उंचीवर एक काळपट पट्टा होता, बोळाच्या तोंडापासून आईंच्या खोलीच्या दारापर्यंत. हा पट्टा त्यांच्या ओळखीचा होता. गेल्या वर्षभरात त्यांनी दोनदा बायकोला सांगितलं होतं, भिंत मळलीय, पुसून घे. पट्ट्याची रुंदी बरोबर चार बोटं होती.

धाकटे तिथेच उभे राहिले. आई रोज संध्याकाळी आपल्याआधी येऊन टेबलाशी बसलेल्या असत. आपण कधी विचारलं नाही, कशा आलात.

"तिकडची भिंत त्यांच्या खुर्चीसमोर आहे," वाळूद्या म्हणाला, "आणि तिच्यात मधोमध पांढरं दार. दार दिसतं, तेवढ्यासाठी बसतात त्या तिथे."

मग त्याने आपला बेत सांगितला. हॉल परत दुधी पांढरा. नारंगी फक्त बोळात: दोन्ही भिंतींना, दारं सगळी पांढरी. धाकट्यांना सगळं पटलं होतं, मानही डोलली होती. तरी मत्सर ही चीज अशी चिवट, की डोलत्या मानेतूनही तो वर आलाच. बोळ! बोळात कोण पाहुणा येणार? थोरले येतील, हॉलमध्ये बसतील, पांढरी भिंत बघतील, चहा पितील, आणि घरी जाऊन म्हणतील, धाकट्यांना काही जमलं नाही. हॉलमध्ये निदान एखादा पट्टा, एखादा कोपरा, असं त्यांनी जरा अजिजीनेच सुचवून बघितलं. वाळूद्याने मान हलवली. एका घरात एकच बोलावणारी जागा, दोन झाल्या की माणूस गोंधळतो. हॉल हवा की बोळ, तुम्ही ठरवा.

धाकट्यांनी हॉलकडे बघितलं. मग त्या चार बोटांच्या पट्ट्याकडे बघितलं. "बोळ," ते म्हणाले, पण अख्खा तराजू एका पारड्यात टाकल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

तीन दिवस काम चाललं. वाळूद्याने रंग त्याच बोळात, तिथल्याच उजेडात कालवला. कुठलाही आकडा न बघता, थेंब थेंब टाकून, मध्येच थांबून, दाराबाहेर जाऊन परत आत येत. दुसरा हात संपला, तो ब्रश धुवायला बसला, आणि तेवढ्यात दाराची घंटा वाजली. थोरले आईंना घेऊन आले होते. दुसऱ्या दिवशी यायचं ठरलं होतं, पण धाकट्यांनी काय केलंय हे बघायला त्यांना दम निघाला नव्हता.

हॉलची पांढरी भिंत बघून थोरल्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरायला लागलं होतं, तेवढ्यात आई म्हणाल्या, "मी जरा हातपाय धुऊन येते," आणि आपली पिशवी खांद्याला अडकवून उठल्या.

धाकटे खुर्चीतून अर्धे उठले. बोळाच्या दोन्ही भिंती ओल्या होत्या. वर्षभराची सवय, आईंचा डावा हात आता भिंतीला जाणार, चार बोटांचा पट्टा परत उमटणार, आणि हे सगळं थोरल्यांच्या देखत. त्यांनी तोंड उघडलं. वाळूद्याने ओला ब्रश वर करून त्यांना गप्प बसवलं.

आई बोळाच्या तोंडाशी थांबल्या. मान जरा पुढे काढून बघितलं. डावा हात उचलला गेला, अर्ध्यावर आला, तिथे क्षणभर रेंगाळला, आणि मग दोन्ही हात पाठीमागे बांधून, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारख्या, आई बोळाच्या मधोमध चालत गेल्या. पहिलं दार सोडलं. दुसरं सोडलं. तिसरं, न्हाणीघराचं, उघडून आत गेल्या. भिंतीवर एक बोटसुद्धा उमटलं नव्हतं.

थोरले बोळाच्या तोंडाशी गेले, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "छान आहे," ते म्हणाले. थोड्या वेळाने खाकरून म्हणाले, "आमच्याही बोळाचं बघायला हवं." तो आवाज धाकट्यांनी लगेच ओळखला. गेला महिनाभर तो त्यांच्या स्वतःच्या घशात बसला होता.

आतून आईंच्या खोलीचं दार वाजलं. पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला, आणि मग आईंचा: "अहो जावईबापू, कॅट त्याच खणात ठेवायचा ना?"

जावईबापू दोन होते, पण खण एकाच घरातला होता. धाकट्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते ऐटीत बोळाशी आले. थोरल्यांना ऐकू जाईल पण त्यांच्यासाठी बोलतोय असं वाटणार नाही अशा मापात आवाज बसवून, हाताची घडी घालत, एका पायावर दुसरा पाय टाकत त्यांनी विचारलं, "काय पेंटर, अगदी खरं सांगा, साडूंच्या भिंतीपेक्षा हा रंग सरस उतरलाय की नाही?"

वाळूद्याने ब्रशातून मान वर काढली.

"आजींची भिंत आहे ती, टेकू नका."